चार टालर, सोळा ग्रोशेन

जर्मनीने १९९८ साली दहा मार्कांचे चांदीचे एक नाणे काढले. वजन साडेपंधरा ग्रॅम, व्यास साडेबत्तीस मिलिमीटर, कस हजारात ९२५. म्हणजे आतली निव्वळ चांदी चौदा ग्रॅमच्या थोडी वर, जुन्या तोळ्याच्या हिशेबात जवळपास सव्वा तोळा. एका बाजूला जर्मन प्रजासत्ताकाचा गरुड आणि किंमत आहे. दुसरी बाजू हाले शहरातल्या एका अनाथाश्रमाला वाहिलेली आहे. त्या आश्रमाच्या इमारतीची कोनशिला १३ जुलै १६९८ रोजी बसली, तिला त्या वर्षी तीनशे वर्षे झाली होती. जर्मनीत पाच टांकसाळी आहेत आणि प्रत्येकीचे एक अक्षर ठरलेले आहे. माझ्याकडच्या नाण्यावर बर्लिनचे ‘ए’ आहे.

मी सहकारी बँकेत रोखपाल होते. दिवसभर नोटांच्या गड्ड्या आणि नाण्यांच्या पिशव्या हाताखालून जायच्या आणि संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत जिवाला स्वस्थता नसायची. त्या नोकरीने एक सवय लावली, ती अजून सुटलेली नाही: रक्कम दिसली की ती कुठून आली आणि कुठे गेली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. नाणी जमवायला लागले तेव्हा मोगल, पेशवाई, ईस्ट इंडिया कंपनी या रुळलेल्या वाटेने गेले नाही. धर्मादाय संस्था आणि सेवाकार्य यांच्या स्मरणार्थ निघालेली नाणी तेवढी मी जमवते. आपल्या सरकारने २०१० साली मदर तेरेसांच्या जन्मशताब्दीला काढलेले नाणे त्यात आहे. पण सगळ्यांत जास्त वेळ मी कशाच्या मागे घालवला असेल, तर तो हालेच्या या नाण्याच्या. ज्या संस्थेचा हा गौरव, तिची सुरुवातच मोजलेल्या चांदीच्या नाण्यांतून झाली. आणि तिथून निघालेली एक वाट थेट तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात येते. ही वाट मराठी वाचकांना ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हाले हे ‘झाले’ नावाच्या नदीकाठचे, खाऱ्या विहिरींतून मीठ काढून श्रीमंत झालेले शहर. ग्लाउखा ही त्याच्या वेशीबाहेरची वस्ती. सतराव्या शतकाच्या शेवटी प्लेगने ती उद्ध्वस्त केली होती. घरोघर माणसे गेलेली, पोरे उघड्यावर पडलेली, आणि वस्तीच्या मानाने दारूचे गुत्ते फार. १६९२ साली या वस्तीच्या चर्चवर आउगुस्ट हेर्मान फ्रांके नावाचा, तिशीही न गाठलेला पाद्री आला. ल्युबेकचा जन्म, गोथात वाढलेला. लाइपझिग आणि एर्फुर्ट इथे त्याच्या धर्मविचारांवरून वाद झाले होते, आणि एर्फुर्टमधून तर त्याला काढूनच लावले होते. धर्म पोथीत नसून रोजच्या वागण्यात दिसला पाहिजे, असे मानणाऱ्या पंथातला हा माणूस. हालेच्या नव्या विद्यापीठात तो ग्रीक आणि पौर्वात्य भाषा शिकवायचा आणि ग्लाउख्यात पाद्रीपण करायचा.

वस्तीतले गरीब गुरुवारी त्याच्या दारी भिक्षेला येत. फ्रांके भाकरी द्यायचा, पण आधी पोरांना आत बसवून चार गोष्टी विचारायचा. त्यातून त्याच्या ध्यानात आले की मुलांना अक्षरओळखही नाही. फीसाठी पैसे द्यावेत तर ते शाळेपर्यंत पोचतच नाहीत. मग त्याने आपल्या खोलीत देणगीची एक पेटी लावली. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास कुणीतरी त्या पेटीत एकदम चार टालर आणि सोळा ग्रोशेन टाकले. एका टालरचे ग्रोशेन चोवीस. फ्रांकेच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने त्या पैशांची भाकरी वाटली असती आणि ते पुण्यच झाले असते. फ्रांकेने ती रक्कम भांडवल म्हणून पाहिली आणि त्याच दिवशी गरिबांची शाळा काढायचे ठरवले.

दोन टालरची पुस्तके आणली. एका गरीब विद्यार्थ्याला आठवड्याला सहा ग्रोशेन ठरवून रोज दोन तास शिकवायला बसवले. हातात उरले दोन टालर सोळा ग्रोशेन, म्हणजे चौसष्ट ग्रोशेन, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांचा पगार. अकराव्या आठवड्याचे काय, याचे उत्तर हिशेबात नव्हते. मुलांना सत्तावीस पुस्तके वाटली, त्यांतली चारच परत आली. बाकीची पुस्तके आणि ती नेणारी पोरे पुन्हा दिसली नाहीत. मला या कथेतला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. संस्थेचे चरित्र लिहिणारे असली गोष्ट बहुधा गाळतात. फ्रांकेने ती स्वतः सांगितली. त्याने नवी पुस्तके घेतली आणि नियम केला की शिकवणी संपली की पुस्तके शाळेतच ठेवायची. बुडालेल्या रकमेबद्दल पोरांना दोष देण्यापेक्षा कारभाराची रीत बदलली. कुठल्याही पतपेढीच्या संचालक मंडळाने शिकावे असे हे आहे.

देणग्या वाढल्या. शिकायला येणाऱ्या पोरांतल्या कितीकांना आईबाप नव्हते, म्हणून त्यांच्या राहण्याची सोय करणे आले. इमारत कशी असावी हे पाहायला फ्रांकेने १६९७ साली गेओर्ग हाइनरिश नॉयबाउअर या आपल्या सहकाऱ्याला हॉलंडला पाठवले. तिथले अनाथाश्रम तेव्हा युरोपात नावाजलेले होते. नॉयबाउअरने सोबत प्रश्नांची लांबलचक यादी नेली होती. पुढच्या वर्षी कोनशिला बसली आणि ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने संस्थेला सनद दिली. त्या सनदेत औषधालय, पुस्तकविक्री आणि छापखाना चालवण्याचे हक्क होते.

या संस्थेच्या टिकण्याचे खरे रहस्य मला त्या तीन हक्कांत दिसते. हाइनरिश युलिउस एलर्स नावाच्या सहकाऱ्याने फ्रांकेचे एक छापील प्रवचन लाइपझिगच्या जत्रेत नेऊन विकले आणि तिथून पुस्तकांचा धंदा उभा राहिला. डॉक्टर क्रिस्टियान फ्रीडरिश रिश्टरने औषधालयाला आकार दिला. तिथली एक औषधी, जिच्यात सोन्याचा अंश असल्याचे सांगत, युरोपभर आणि समुद्रापारही खपायची. १७१० साली कार्ल हिल्डेब्रांट फॉन कान्स्टाइन या उमरावाने बायबल स्वस्तात छापण्याची योजना काढली. त्या काळी फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला वापरत, आणि पुन्हा आवृत्ती काढायची तर सगळी जुळणी नव्याने करावी लागे. कान्स्टाइनने खिळ्यांवर एकदाच मोठा खर्च केला आणि अख्ख्या पुस्तकाची जुळणी तशीच उभी ठेवली. कागद आला की छापायचे, एवढेच उरले. नवा करार दोन ग्रोशेनला मिळू लागला. गरिबाच्या घरात पुस्तक पोचवायचे तर त्याची किंमत गरिबाच्या खिशाला झेपली पाहिजे. हे साधे सत्य आहे, पण त्यामागे खिळ्यांत अडकवलेले केवढे भांडवल होते, ते छापखाना चालवणाऱ्यालाच कळेल.

१७०१ पासून फ्रांके संस्थेची हकिगत छापून लोकांपुढे ठेवू लागला: काय आले, अडचण कधी पडली, कुठल्या दिवशी घरात एक ग्रोशेनही नव्हता आणि मग काय घडले. इंग्रजीत १७०५ मध्ये तिचे भाषांतर निघाले. ती देवाच्या कृपेची साक्ष म्हणून लिहिलेली होती आणि वाचणाऱ्यांनीही तशीच वाचली. मला ती त्याबरोबरच एका प्रामाणिक खजिनदाराची जमाखर्चाची वही वाटते. १७२७ मध्ये फ्रांके गेला तेव्हा तिथल्या शाळांत दोन हजारांवर मुले शिकत होती. उमरावांच्या मुलांची शाळा वेगळी, लॅटिन शाळा वेगळी, गरिबांच्या शाळा वेगळ्या, आणि मुलींच्या शिक्षणाचीही सोय होती. मागे लाकडी सांगाड्याची सहा मजली लांबच लांब इमारत, स्वतंत्र ग्रंथालय, आणि माळ्यावर देशोदेशीच्या वस्तूंचा संग्रह. मुलांनी नुसते शब्द घोकू नयेत, वस्तू डोळ्यांनी पाहाव्यात, म्हणून तो संग्रह केला होता. भारतातून गेलेली ताडपत्रे त्यात आजही आहेत.

त्या घरात खेळाला जागा नव्हती, हेही सांगायला हवे. मुलांचा दिवस प्रार्थना, अभ्यास आणि हातकाम यांनी कडेकोट बांधलेला असे. रिकामा वेळ म्हणजे पापाला वाट, असे फ्रांके मानायचा. १७२३ मध्ये हालेचा तत्त्वज्ञ क्रिस्टियान वोल्फ याच्यामागे फ्रांके आणि त्याचे सहकारी हात धुऊन लागले. शेवटी प्रशियाच्या राजाने वोल्फला अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोड, नाहीतर फाशी, असा हुकूम काढला. ज्याला स्वतःला एका शहरातून हाकलले होते, त्याच्याच पक्षाने दुसऱ्याला हाकलून लावले. हे मला फार खुपते, आणि अनाथांसाठी त्याने केलेल्या कामाने ते पुसले जात नाही.

आता तंजावर. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून कावेरीच्या मुखाजवळचे तरंगमबाडी बंदर मिळवले होते. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि त्या बंदराचा वार्षिक खंड मराठ्यांच्या खजिन्यात येऊ लागला. तरंगमबाडीची डॅनिश नाणी, राजाच्या नावाची गुंफलेली अक्षरे असलेली, आणि तंजावरच्या मराठ्यांचे तांब्याचे चिमुकले कासू, ही दोन्ही आज संग्राहकांच्या पेट्यांत शेजारी शेजारी बसतात. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या या वसाहतीत धर्मोपदेशक पाठवायचे होते. ते त्याला हालेच्या वर्तुळातून मिळाले. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाउ हे दोघे ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला उतरले. तंजावरच्या गादीवर तेव्हा व्यंकोजींचे पुत्र शाहूजीराजे होते.

त्सीगेनबाल्ग मुलांबरोबर वाळूत बोटाने अक्षरे गिरवत तमिळ शिकला. डॅनिश गव्हर्नरशी त्याचे बिनसले आणि तो काही महिने कैदेतही राहिला. हालेच्या कारागिरांनी, ज्यांना तमिळचा गंध नव्हता, त्यांनी तमिळ खिळे पाडून पाठवले. ते फार मोठे निघाले, कागद पुरेना, तेव्हा तरंगमबाडीतच लहान खिळे ओतले गेले. तमिळ नवा करार त्याच छापखान्यात निघाला. त्सीगेनबाल्गने दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ लिहून १७१३ मध्ये हालेला पाठवला. तिथे तो छापला गेला नाही. परधर्माचे ज्ञान पसरवणे हे आपले काम नव्हे, असा तिथला विचार होता. १८६७ साली मद्रासमध्ये त्याला छापील रूप मिळाले. दीडशे वर्षे तो ग्रंथ कपाटात राहिला. शिकण्याची एवढी हौस असलेल्या संस्थेकडून हे व्हायला नको होते.

हाले आणि मराठे यांची खरी गाठ पडली ती क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्त्समुळे. हा १७२६ सालचा, नॉयमार्कमधल्या झोनेनबुर्गचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. हालेत शिकताना मद्रासहून परतलेल्या बेन्यामिन शुल्ट्झेकडून त्याने तमिळचे पहिले धडे घेतले, आणि १७५० मध्ये तरंगमबाडीला आला. परत मायदेशी तो कधीच गेला नाही, लग्नही केले नाही. तमिळ, फारसी, हिंदुस्तानी, पोर्तुगीज शिकला. तंजावरच्या दरबारात वावर वाढला तसा मराठीही शिकला. तिरुचिरापल्लीत काही वर्षे काढून १७७८ पासून तो तंजावरचाच झाला.

मी त्याला पैशांच्या व्यवहारांतून ओळखते. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला बोलणी करायला श्रीरंगपट्टणला हैदरअलीकडे पाठवले, कारण हैदरचा इंग्रजांच्या वकिलांवर विश्वास नव्हता, या पाद्र्यावर होता. निघताना हैदरने वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्त्सने ती सरकारजमा करू पाहिली. सरकारने ती तुम्हीच ठेवा म्हटले. तेव्हा त्याने ती रक्कम तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेचा निधी म्हणून बाजूला काढली. ग्लाउख्याच्या पेटीत पडलेल्या टालरचे फ्रांकेने जे केले, तेच याने हैदरच्या रुपयांचे केले.

पुढच्याच वर्षी हैदरने कर्नाटकावर स्वारी केली. तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपाशी मरू लागली. मुलखात धान्य होते, पण शेतकरी ते आणीनात. याआधी आणलेल्या धान्याचे पैसे राजाच्या आणि कंपनीच्या कारभाऱ्यांनी बुडवले होते, बैलही परत मिळाले नव्हते. राजाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी वचने दिली, ती कुणी मानली नाहीत. शेवटी श्वार्त्सला विनंती करण्यात आली. त्याने रयतेला कळवले की पैसे मी स्वतः माझ्या हाताने देईन. एक-दोन दिवसांत हजारभर बैल हजर झाले आणि ऐंशी हजार कलम (कलम हे तिकडचे धान्याचे माप) धान्य किल्ल्यात आले. त्याने सगळ्यांचे पैसे चुकते केले. दरबाराची मोहर चालली नाही तिथे परक्या पाद्र्याचा शब्द रोकड्यासारखा चालला. माझ्या सगळ्या नोकरीत पत या गोष्टीचे याहून चांगले उदाहरण मी पाहिलेले नाही.

तुळजाजीराजे तेव्हा तंजावरचे राजे. आर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने त्यांचे राज्य १७७३ मध्ये घेतले होते, ते तीन वर्षांनी परत मिळाले. त्या धक्क्यातून राजे मनाने सावरले नाहीत. मुलगा, नातू सगळे गेले. १७८७ च्या आरंभी त्यांनी भोसल्यांच्याच कुळातला सरफोजी हा दहाएक वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि श्वार्त्सला बोलावून हा मुलगा आता तुमच्या स्वाधीन, असे सांगितले. श्वार्त्सने सुचवले की पालक म्हणून राजांचे भाऊ अमरसिंग यांना नेमावे. अनाथांच्या शाळेसाठी एका गावाचे उत्पन्नही तुळजाजींनी लावून दिले. मराठा राजाने हालेच्या रीतीच्या शाळेला दिलेले ते दान आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे येत नाही, ते यायला हवे.

तुळजाजी गेले आणि अमरसिंगांनी गादी स्वतःकडे घेतली. दत्तक अशास्त्र असल्याचा पंडितांचा निर्णय कंपनीने मान्य केला. सरफोजीला वाड्यात कोंडून ठेवले गेले, त्याचे शिक्षण थांबले. श्वार्त्स वर्षानुवर्षे मद्रासला अर्ज करत राहिला: मुलाला उजेड मिळू द्या, शिकू द्या, दत्तकाचा निर्णय पुन्हा तपासा. १७९३ मध्ये सरफोजीला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवले, आणि तिथे विल्हेल्म गेरिके या हालेच्याच दुसऱ्या पाद्र्याने त्याला शिकवले. पुढे पंडितांचे नवे मत घेतले गेले आणि दत्तक वैध ठरला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्स तंजावरात वारला. हालेच्या कोनशिलेला तेव्हा शंभर वर्षे भरत आली होती. सरफोजी शेवटच्या दर्शनाला आला, रडला, आणि शवपेटीवर त्याने भरजरी वस्त्र घातले. त्याच वर्षी जूनअखेर तो गादीवर बसला.

राज्य मात्र हातात फार राहिले नाही. १७९९ च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेला. राजांना किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. त्या पैशांचे सरफोजीराजांनी काय केले, ते तंजावरात जाऊन पाहावे. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी युरोपातून हजारो पुस्तके आणवली, बहुतेकांवर स्वतःची सही आहे. औषधांचे प्रयोग करणारा धन्वंतरी महाल, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र आणि तिथली पाठशाळा, दुर्बिणी, शरीरशास्त्राची चित्रे. त्यांनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. आपला मुलगा शाळेत खंडांची नावे घोकतो, तेव्हा हे ज्ञान मराठीत दोनशे वर्षांपूर्वी रंगभूमीवरून सांगितले गेले होते, हे त्याला कुणी सांगत नाही. श्वार्त्सचाच दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री, तमिळ ख्रिस्ती कवी. तो याच दरबारात होता आणि त्याने ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. एकाच गुरूची दोन मुले, एक हिंदू राजा आणि एक ख्रिस्ती कवी, तमिळ लोकनाट्याच्या एकाच घाटात, एक मराठीत आणि एक तमिळमध्ये लिहीत होती.

राजांनी देवनागरी छापखानाही काढला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी पुस्तक छापले गेले. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. मुलांसाठी पुस्तक, सोप्या गोष्टी, राजाच्या खर्चाने. हालेत शिकलेल्यांच्या हाताखाली वाढलेल्या राजाने आपल्या छापखान्यातून मुलांचे पुस्तक काढावे, हा योगायोग आहे असे मी मानत नाही.

सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या भिंतींवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, पुढे मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रा केली, पूजाअर्चा चालू ठेवली. श्वार्त्सनेही मुलाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याला बाटवले नाही. दोघांचे थोरपण मला इथे सारखेच दिसते. आणि राजांनी कृतज्ञता लपवली नाही. त्यांनी विलायतेत कळवून जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करून घेतले. मी ते शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये पाहिले. श्वार्त्स मरणशय्येवर आहे, गेरिके उशाशी, पायथ्याशी मुले, आणि पगडीतला तरुण मराठा राजा त्याचा हात हातात घेऊन उभा. चर्चचा पहारेकरी तमिळ होता. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याने त्या आकृतीकडे बोट दाखवले आणि तुमचे राजे, म्हणाला. श्वार्त्सच्या थडग्यावर राजांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरलेल्या आहेत. मला तिथून लवकर हलवेना.

हालेची पुढची कथा मी थोडक्यात सांगते. दोन महायुद्धांनंतर शहर पूर्व जर्मनीत गेले. १९४६ मध्ये संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ती विद्यापीठात विलीन केली गेली. इमारती गळू लागल्या, भिंती खचल्या, आणि अनाथाश्रमाच्या दर्शनी इमारतीसमोरूनच उंच खांबांवरचा वाहतुकीचा रस्ता नेला गेला. जर्मनी एक झाल्यावर संस्था पुन्हा उभी राहिली. पाउल राबे या अनुभवी ग्रंथपालाने तिच्या दुरुस्तीसाठी आयुष्याची अखेरची उमेदीची वर्षे दिली. १९९८ चा उत्सव अर्ध्या दुरुस्त इमारतींत झाला. सरकारने त्या वर्षी या संस्थेच्या नावाचे नाणे पाडले, ते पडत्या घराला हात देण्यासारखे होते. दर्शनी इमारतीच्या माथ्यावर सूर्याकडे झेपावणारे दोन गरुड आहेत, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या वचनावरून घेतलेले. नाण्यावर एक गरुड आहे, तो राष्ट्राचा. माझ्या मनात आश्रमाच्या गरुडांना अधिक जागा आहे.

मार्क आता चलनात नाही. २००२ पासून युरो आला. जर्मनीची मध्यवर्ती बँक मात्र आजही, मुदतीची अट न घालता, दहा मार्कांचे पाच युरो अकरा सेंट देते. तसे करू नका. आतल्या चांदीचीच किंमत त्याहून जास्त भरते, आणि संग्राहकांच्या बाजारात हे नाणे फार महागही नाही. नव्याने नाणी जमवणाऱ्या मुलामुलींनी ते अवश्य घ्यावे.

माझी खरी विनंती दुसरीच आहे. तंजावरला जाणारे मराठी प्रवासी बृहदीश्वर पाहतात, सरस्वती महालात डोकावतात आणि परततात. मंदिराला लागूनच शिवगंगा बाग आहे, तिच्यातल्या चर्चमध्ये जाऊन ते शिल्प पाहा. आणि आपल्या शाळा-कॉलेजांतून मराठी छपाईचा इतिहास शिकवताना सेरामपूर आणि मुंबई यांच्याबरोबर तंजावरचा छापखाना आणि ‘बालबोधमुक्तावली’ यांचेही नाव घ्या.